ट्रॅक्टर चोख, जोड मात्र बेभरवशाचा

दसरा-दिवाळी आटोपली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. हा हंगाम पुढे चार-पाच महिने चालतो. त्यासाठी ट्रॅक्टरमालक आधीपासून तयारीला लागतो. इंजिनाचे तेल बदलले जाते, टायर पाहिले जातात, बॅटरी भारून घेतली जाते, ट्रॉलीला नवा रंग चढतो आणि मागच्या फाळक्यावर कुलदैवताचे नावही झळकते. या सर्व तयारीत एका वस्तूकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना एकत्र बांधणारा जोड. फिटर लोक ज्याला हूक, हिच किंवा टोचन म्हणतात तो. गेल्या वर्षी चालला म्हणजे या वर्षीही चालेल, असे गृहीत धरून त्यात जुनीच पिन पुन्हा घातली जाते.

ही समजूत चुकीची आहे, इतकेच नव्हे तर ती घातक आहे. दहा-दहा टनांचा भार ज्या एका पिनेवर ओढला जातो, ती पिन निसटली किंवा तो हूक उखडला, तर मागची ट्रॉली कोणाच्याही ताब्यात राहत नाही. उतार असेल तर ती मागे धावते आणि सपाटी असेल तर रस्त्याकडेच्या नाल्यात किंवा समोरून येणाऱ्या वाहनावर जाते. तिच्या मागे दुचाकीवर दूध घालावयास निघालेला शेतकरी असतो, शाळेतून परतणारी मुले असतात. हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस तर याच ट्रॉल्यांत बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कामगारांची कुटुंबे भांडीकुंडी व लेकरे घेऊन बसलेली असतात. म्हणून जोडाचा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. तो माणसांच्या जिवाचा आहे. त्याची तपासणी हा हंगामपूर्व तयारीचा अखेरचा नव्हे, पहिला भाग असला पाहिजे.

बैलगाडीचे विसरलेले शहाणपण

जोडाचे शास्त्र आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. बैलगाडी भरताना मागे अधिक भार पडला की गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणत. उलाळ गाडीचे जू बैलांच्या मानेवरून वर उचलू पाहते, बैलांना ओढ धरता येत नाही आणि चढावर गाडी मागे कलंडण्याची भीती असते. उलट पुढे अधिक भार पडला तर गाडी ‘धुरजड’ होते. बैलांच्या माना दबतात, खांदे सुजतात आणि उतारावर जनावर गुडघ्यावर येते. जाणता गाडीवान भार असा रचत असे की मानेवर थोडके वजन राहावे, पण मान दबू नये. धुरा हाताने उचलून पाहण्याची त्याची सवय ही एक प्रकारची मोजणीच होती.

ट्रॅक्टर आला आणि हे शहाणपण मागे पडले. ट्रॅक्टरला मान नाही, तो कुरकुरत नाही, खांदा सुजल्याचे दाखवीत नाही. त्यामुळे त्याच्यावर भार कोठून पडतो आणि ओढ कोठून लागते, याचा विचार करण्याची गरज नाही असे वाटू लागले. वस्तुतः बैलगाडीला जो नियम लागू होता तोच ट्रॅक्टरलाही लागू आहे. फरक एवढाच, की बैल आधी सूचना देतो. ट्रॅक्टर देत नाही.

ओढ किती उंचीवरून लागते?

या नियमाचा साधा हिशेब पाहणे उपयुक्त ठरेल. मध्यम प्रतीच्या एका ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो आहे आणि त्याच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २ मीटर आहे, असे धरू. उभ्या ट्रॅक्टरच्या वजनापैकी सुमारे ८०० किलो पुढच्या चाकांवर असते. सुकाणू नीट चालावयाचे तर एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा, म्हणजे येथे ४०० किलो, पुढच्या चाकांवर नेहमी राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

आता १० टन भरलेली चारचाकी ट्रॉली कच्च्या वाटेने, १०० फुटांस ७ फूट चढणीवर ओढावयाची आहे. अशा ठिकाणी सुमारे १,००० किलोची ओढ लागते. जोड जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर या ओढीमुळे पुढच्या चाकांवरील २२५ किलो भार कमी होतो. ५७५ किलो शिल्लक राहतो. ट्रॅक्टर सुरक्षित असतो. तोच जोड ९० सेंटिमीटर उंचीवर बसविला, तर पुढचा भार ४५० किलोंनी घटतो आणि केवळ ३५० किलो उरतात. म्हणजे सुकाणू फिरविले तरी ट्रॅक्टर वळेलच याचा भरवसा राहत नाही. चालकाने क्लच एकदम सोडला आणि झटक्यासरशी ओढ दीडपट झाली, तर पुढे अवघे १२५ किलो राहतात. चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही मागे झुकते, ते वेगळेच. यापुढची पायरी म्हणजे पुढची चाके उचलणे आणि ट्रॅक्टर चालकावर उलटणे. ही क्रिया एक-दीड सेकंदात घडते. चालकाला उडी टाकण्यासही अवधी मिळत नाही.

जोड वर घेतला तर ट्रॉलीची दांडी सरळ दिसते, टायरांवर वजन पडून चाके घसरत नाहीत, असे कित्येक चालक सांगतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मागच्या चाकांवर वजन वाढते हे खरे. पण ते पुढच्या चाकांवरून काढून घेतलेले असते. चाके घसरत असतील तर भार कमी करावा, टायरांत पाणी भरावे किंवा चाकांना वजने लावावीत. जोड उंच करणे हा उपाय नव्हे.

याच कारणाने वरच्या दुव्याला, म्हणजे टॉप लिंकच्या जागी, साखळी किंवा दोर अडकवून काही ओढणे अत्यंत धोक्याचे आहे. नांगरासाठी असलेल्या खालच्या दोन भुजांमध्ये भोकांची पट्टी अडकवून तीवर ट्रॉली ओढणेही तितकेच अनिष्ट. लिफ्ट जरा वर गेली की जोडाची उंची वाढते आणि चालकाच्या ध्यानातही येत नाही. ट्रॉलीसाठी कारखान्याने दिलेला खालचा स्थिर जोडच वापरला पाहिजे.

उंचीप्रमाणेच जोडाचे मागचे अंतरही महत्त्वाचे आहे. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार दांडीतून ट्रॅक्टरवर येतो. ५ टनांच्या ट्रॉलीचा दहावा हिस्सा, म्हणजे ५०० किलो, जोडावर आला आणि जोड मागच्या आसापासून अर्धा मीटर मागे असला, तर पुढच्या चाकांवरील १२५ किलो भार कमी होतो. वळताना टायर दांडीला घासू नये म्हणून एखाद्याने हूक लांबवून तो एक मीटर मागे नेला, तर हीच घट २५० किलो होते. गावच्या वर्कशॉपमध्ये हूक लांबवून घेण्याची जी चाल दिसते तिचे खरे मोल हे आहे. ट्रॉलीत ऊस रचताना मागच्या बाजूस अधिक लादला तर गाडी उलाळ होते आणि दांडी ट्रॅक्टरचे शेपूट वर उचलते. मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली हेलकावे खाऊ लागते. म्हणजे गाडीवानाचे जुने दोन्ही शब्द येथे जसेच्या तसे लागू पडतात.

अमेरिकेतील ‘गूजनेक’ जोड आणि त्याचा बोध

या तत्त्वाचा विचारपूर्वक केलेला उपयोग अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या वाहनांत दिसतो. तेथे जनावरे, गवताचे गठ्ठे व यंत्रे वाहण्यासाठी पिकअप गाडीमागे मोठ्या ट्रॉल्या जोडतात. हलक्या ट्रॉलीचा जोड गाडीच्या मागच्या टोकाला असतो. हे टोक मागच्या आसापासून चार-पाच फूट दूर असल्याने भार वाढला की गाडीचे नाक वर होते आणि पुढची चाके हलकी पडतात. यावर तोडगा म्हणून जड ट्रॉलीची दांडी हंसाच्या मानेसारखी वर उचलून, वाकवून थेट पिकअपच्या हौद्यात आणतात आणि तेथे बसविलेल्या पोलादी गोळ्यावर टेकवितात. यालाच गूजनेक जोड म्हणतात. हा गोळा मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा त्याच्या काही इंच पुढे असतो. म्हणून ट्रॉलीच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग त्यावर आला तरी तो भार मागच्या आसावर उतरतो. पुढची चाके उचलली जात नाहीत.

हा जोड बसविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. हौद्याचा पत्रा भार घेत नाही. तो केवळ झाकण असतो. पत्र्याखाली गाडीच्या चासीच्या दोन्ही बाजूंना जाड पोलादी आडपट्ट्या व कंस बोल्टांनी आवळतात आणि पत्र्याला गोल भोक पाडून गोळा वर काढतात. भोक पाडण्यापूर्वी खाली इंधनाची नळी, ब्रेकची नळी किंवा विजेची तार नाही ना, याची खात्री करतात. बोल्ट शक्यतो चासीला कारखान्याने ठेवलेल्या भोकांतूनच घेतात. ते अंदाजाने नव्हे, तर ताण मोजणाऱ्या पान्याने, उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंत आवळले जातात आणि काही अंतर चालविल्यावर पुन्हा तपासले जातात. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुरक्षा-साखळ्यांसाठी कड्या असतात. जड ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतात. शिवाय ट्रॉली सुटलीच तर ते आपोआप लागावेत अशी व्यवस्थाही असते.

या उदाहरणाचा बोध घेताना एक खबरदारी आवश्यक आहे. गूजनेक जोडाची नक्कल ट्रॅक्टरवर करू नये. पिकअप लांब असते. तिच्या आसांमधील अंतर ट्रॅक्टरच्या पाऊणपट ते दुप्पट अधिक भरते आणि तिचे काम पक्क्या रस्त्यावर चालण्याचे असते. ट्रॅक्टर आखूड असतो आणि मातीत, चढावर, वजनाच्या मानाने फार मोठी ओढ लावतो. पिकअपचा उंचावरचा जोड ट्रॅक्टरला बसविला तर वर सांगितलेले संकट ओढवून घेतल्यासारखे होईल. आकार उचलावयाचा नसून विचार उचलावयाचा आहे. तो विचार असा: भार आसाजवळ यावा, पकड चासीला असावी, प्रत्येक बोल्टाला हिशेब असावा आणि एक दुवा निसटला तर दुसरा तयार असावा.

जोड बसविताना

आपल्याकडे याच्या उलट काय घडते? ट्रॅक्टर विकत घेताना शेतकरी त्याचे इंजिन, मायलेज, उचलण्याची शक्ती यांची चौकशी बारकाईने करतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून काम करीत असलेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. ओढण्याची शक्ती मोजली जाते. ट्रॉलीसाठीही भारतीय मानक ठरलेले आहे. परंतु तपासलेला ट्रॅक्टर गावात आला, की पुष्कळदा त्याला मागून जो हूक लागतो तो मात्र कोणाच्याही मापात नसतो. भंगारातील पट्टी, ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा आणि वेल्डिंगचे चार टाके एवढ्यावर तो उभा राहतो.

कमानीचे पाटे कणखर असतात म्हणून ते हुकासाठी उत्तम, अशी समजूत आहे. पाटा कणखर असतो तो त्याला दिलेल्या उष्णोपचारामुळे. वेल्डिंगच्या आगीने तो गुण नाहीसा होतो आणि टाक्याशेजारचे पोलाद ठिसूळ बनते. बाहेरून टाका भरघोस दिसतो. पण खड्ड्यातून बसलेल्या एखाद्या हिसक्याने तुकडा काचेसारखा तुटतो. ट्रॅक्टरच्या मागच्या गृहावर, म्हणजे बिडाच्या ओतीव भागावर, काहीही वेल्डिंग करणे तर सर्वथा वर्ज्य आहे. बिडाला तडे जातात आणि हजारो रुपयांचा भाग निकामी होतो.

म्हणून जोड बसविताना पुढील गोष्टी पाळणे अगत्याचे आहे. जोड ट्रॅक्टरच्या उत्पादकाने ठेवलेल्या जागी, त्याच भोकांत, उच्च ताकदीच्या बोल्टांनी बसवावा. साधारणपणे बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा अंक कोरलेला असावा. भोकात सैल बसणारा लहान बोल्ट घालून त्याभोवती वेल्डिंग करू नये. चेकनट किंवा स्प्रिंग वॉशर वापरावा. पहिल्या दोन-चार खेपांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून पाहावा, कारण रंग व गंज चिरडला गेला की आवळलेला बोल्टही सैल पडतो. हूक दोन पट्ट्यांचा असावा आणि ट्रॉलीच्या दांडीची कडी त्यांच्या मधोमध यावी. अशा वेळी पिन दोन ठिकाणी धरली जाते. एकाच पट्टीवर अडकविलेली पिन वाकते आणि निम्म्या भारालाच तुटू शकते.

पिन, क्लिप आणि साखळी

सर्वांत अधिक हयगय पिनेची होते. पिन हरवली की पहारीचा तुकडा, बांधकामाची सळई, प्रसंगी नांगराचा बोल्ट तिच्या जागी घातला जातो. चांगली पिनही झिजते. झीज थोडी दिसते, पण तिने होणारी हानी थोडी नसते. २५ मिलिमीटर जाडीची पिन झिजून २० मिलिमीटर झाली, तर जाडी पाचव्या हिश्श्याने कमी झाली असे वाटते. प्रत्यक्षात तिचे बळ ३६ टक्क्यांनी घटलेले असते, कारण बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हूक व कडी यांची भोकेही लांबट होतात. मग प्रत्येक गियर बदलताना व प्रत्येक खड्ड्यात पिनेवर हातोडीसारखा घाव बसतो आणि झीज दुप्पट वेगाने होते. ट्रॅक्टर थांबताना मागून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला, तर तो जोडाचा बोलावा समजावा.

पिनेला वरून मूठ किंवा टोपी आणि खालून क्लिप असलीच पाहिजे. क्लिपच्या जागी गुंडाळलेली तार किंवा चिंधी खड्ड्यांनी उसळणाऱ्या पिनेला रोखू शकत नाही. याशिवाय, दांडीपासून ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत एक मजबूत सुरक्षा-साखळी असावी. दोन साखळ्या असल्यास त्या दांडीखाली एकमेकींवरून आडव्या घ्याव्यात. पिन निसटली तर दांडी जमिनीत न रुतता त्यांच्या झोळीत पडते. साखळी वळणापुरती सैल असावी, जमिनीवर घासेल इतकी लांब नसावी.

एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या जोडल्या जातात तेथे पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकाचा विशेष विचार झाला पाहिजे. तो हूक सामान्यतः ट्रॉलीच्या मागच्या आडपट्टीला नुसता चिकटविलेला असतो आणि ट्रॉली बनविणाऱ्याच्या मनात दुसऱ्या ट्रॉलीचा भार नसतोही. ट्रॉलीच्या लांब चासीशी जोडलेला नसेल, तर त्यावर दुसरी ट्रॉली लावूच नये.

जोडताना होणाऱ्या अपघातांचाही विसर पडता कामा नये. ट्रॅक्टर मागे येत असता मदतनीस दांडी हातात धरून मध्ये उभा राहतो. चालकाचा पाय क्लचवरून निसटला तर त्याला बाजूस होण्यास जागा नसते. दांडी टेकूवर किंवा जॅकवर योग्य उंचीला ठेवावी, मदतनिसाने बाजूस उभे राहून खूण करावी आणि ट्रॅक्टर थांबून हातब्रेक लागल्यावरच पिन घालण्यास पुढे व्हावे. दांडीवर किंवा जोडावर बसून कोणालाही प्रवास करू देऊ नये. ती जागा सर्वांत जवळची म्हणून मुले तेथे बसतात. ती सर्वांत घातक जागा आहे.

जोड बळकट असला तरी भरलेली ट्रॉली थांबविणे हे ब्रेकचेच काम आहे. रस्त्यावर चालताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडलेले असावेत. उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गियरात चढली असती त्याच गियरात उतरवावी. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि आडवा करते. मागचे दिवे व तांबडे रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकले जाणार नाहीत, हेही पाहावे.

खर्चाचा आणि वेळेचा आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की वाहतूकदाराला पैसे टनावर मिळतात. कमी भरले तर डिझेल परवडत नाही, कर्जाचा हप्ता निघत नाही आणि तपासणीत दिवस घालविला तर खेप बुडते. हा आक्षेप पोकळ नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि हप्ते बारा महिन्यांचे, ही अडचण खरी आहे. परंतु हिशेब पुरता केला पाहिजे. जोडाची पिन, क्लिप व साखळी यांची एकत्रित किंमत एका टायरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. ट्रॉली उलटली तर ऊस रस्त्यावर पडतो, चासी वाकते, ट्रॅक्टर अडकून पडतो आणि ऐन भरात कित्येक खेपा जातात. मनुष्यहानी झाली तर तिची भरपाई कोणत्याही हंगामात होत नाही.

जादा भार हा कायद्याचाही भंग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रात दिलेल्या कमाल वजनापेक्षा अधिक वजन घेऊन वाहन चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने यासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड ठरविला आहे. तथापि केवळ दंडाने हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. रस्त्यावर पकडलेल्या एका ट्रॉलीमागे न पकडलेल्या अनेक असतात. शिवाय दंड वजन पाहतो. झिजलेली पिन पाहत नाही.

तपासणी कोठे व कोणी करावी?

ज्या ठिकाणी प्रत्येक ट्रॉली थांबतेच, ते ठिकाण कारखान्याचे आहे. गाडीअड्ड्यात ट्रॉल्या तासन्‌तास उभ्या असतात आणि वजनकाट्यावरून गेल्याशिवाय एकही गव्हाणीकडे जात नाही. तेथे एक जाणता फिटर, एक जाडी मोजण्याचे साधन आणि एक हातोडी एवढी तजवीज केली, तर प्रत्येक जोड हंगामात अनेकदा तपासला जाईल आणि वाहतूकदाराचा वेगळा वेळही जाणार नाही. कारखाने वाहतूकदारांशी हंगामापूर्वी करार करतात. प्रमाणित जोड, क्लिप असलेली पिन व सुरक्षा-साखळी या अटी त्या करारात घालणे उचित होय. रिफ्लेक्टर लावून देण्याचे जे स्तुत्य कार्यक्रम अनेक ठिकाणी होतात, त्यांतच झिजलेली पिन बदलून देण्याची भर घालता येईल. पिनेचा खर्च प्रथम कारखान्याने करून पुढे बिलातून वळता केला, तर कोणालाच तो जड जाणार नाही.

गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी कार्यकर्त्यांचे कार्यही येथे मोलाचे आहे. बियाणे व खते यांची प्रात्यक्षिके होतात, तसे जोडाचे प्रात्यक्षिक भाद्रपद-आश्विनात गावच्या चावडीपुढे करावे. एक नवी व एक झिजलेली पिन शेजारी ठेवून दाखविली, तर लांबलचक व्याख्यानापेक्षा तिचा परिणाम अधिक होईल. कृषी विज्ञान केंद्रे व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या मदतीने गावोगावच्या वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना एका दिवसाचे शिक्षण देणेही इष्ट ठरेल. हा कारागीर अपराधी नाही. त्याला कोणी माप सांगितलेले नाही, एवढेच.

शेवटची जबाबदारी मात्र चालकाची व मालकाची आहे. प्रत्येक खेपेपूर्वी खाली उतरून जोडाभोवती एक फेरी मारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. पिन पूर्ण खाली गेली आहे काय, क्लिप जागेवर आहे काय, साखळी अडकविली आहे काय, बोल्ट हलत नाहीत ना, भार मागे लोटलेला नाही ना, इतके पाहिले म्हणजे पुरे. बैल जुंपल्यावर जोत्याची गाठ ओढून पाहिल्याशिवाय आपला गाडीवान कधी गाडीत चढला नाही. ट्रॅक्टरच्या चालकाने तीच सवय अंगी बाणविली, तर या हंगामातील पुष्कळ माणसे संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचतील.